निवृत्तीबाबांची खुर्ची

"अडीच बाय अडीच, उंची चार फूट," केरूमिस्त्री पुटपुटला आणि कानावरची पेन्सिल काढून त्याने आकडे एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवले.

"चारी बाजूंनी काच हवी हं मिस्त्री. आत एक बल्बसुद्धा बसवा, मंद, पिवळा," मागून चिंतामण त्रिभुवन म्हणाले. त्रिभुवन म्हणजे चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. हायस्कुलात हेडक्लार्क होते आणि चर्चमध्येही हेडक्लार्कच असायचे. "स्मृतिदिनाला चौदा दिवस राहिलेत. पाळकसाहेब पडदा सरकवतील, मग मंडळी ओळीने दर्शन..." ते अडखळले. "म्हणजे, ओळीने पाहतील."

खुर्ची निवृत्तीबाबांची. नाशिकच्या त्या ख्रिस्ती वस्तीत बाबांनी एकतीस वर्षं पाळक म्हणून काढली. पटकीच्या साथीत त्यांनी स्वतः मुडदे उचलले, बायकोवर हात टाकणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत झापलं, आणि दिंडोरीच्या बाजारात उपाशी फिरणाऱ्या सात वर्षांच्या केरूला बखोटीला धरून घरी आणलं. सुतारशाळेत घातलं, हातात रंधा दिला. सत्त्याहत्तर साली बाबा गेले तेव्हा वस्ती पोरकी झाली, आणि केरू तर दुसऱ्यांदा पोरका झाला.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, बाबांचा फोटो वेदीशेजारी लावू या. अरे बापरे, काय गहजब! 'मूर्ती करू नको' ही दुसरी आज्ञा आठवा, म्हणून त्रिभुवनांनी मीटिंगमध्ये टेबल बडवलं. आपले आजे-पणजे मूर्ती सोडून आले ते काय फोटोपुढे हात जोडायला? सगळ्यांनी माना डोलावल्या. फोटो शाळेच्या ऑफिसात गेला आणि मंडळींनी आपलीच पाठ थोपटून घेतली. पण काहीतरी आठवण हवी ना. म्हणून मग बाबांची वेताची खुर्ची वेदीशेजारी ठेवली. खुर्चीला काय नाक असतं का डोळे? खुर्ची ती खुर्ची.

आधी तिच्यावर एक फूल आलं. मग फुलदाणी आली, मग समोर पितळी दांड्या आणि लाल दोरी आली. मग एका दुपारी वस्तीतल्या लंकाबाईने खुर्चीच्या हाताला दोरा बांधला आणि तिच्या मुलाला नोकरी लागली. झालं! आता हाताला अकरा दोरे होते. नवस हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. प्रार्थनेचा दोरा म्हणायचे.

केरू माप पुन्हा ताडून बघायला वाकला, तेव्हा त्यातला एक दोरा त्याच्या नाकासमोर आला. दोरा कसला, लुगड्याच्या काठाची चिंधी होती. हिरवा काठ, त्यावर पिवळी चौकट. सुधाच्या, म्हणजे लेकीच्या लग्नात हे लुगडं त्याने स्वतः मेन रोडवरून आणलं होतं.

बयाबाईचं लुगडं. त्याच्या बायकोचं.

केरू सरळ झाला. त्याने पेन्सिल कानावर ठेवली, पत्रिका घडी करून खिशात घातली.

"सेक्रेटरीसाहेब, ही पेटी माझ्याच्यानं व्हायची नाय."

"का? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी हाय. पेटी देव ठेवायला करतात. मी नाय करणार."

त्रिभुवनांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या पायावर हातोडा टाकला असावा.

घरी बयाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. केरू तिच्यासमोर उकिडवा बसला.

"हिरवा काठ तुझाच ना?"

तिने सूप खाली ठेवलं नाही. "माझाच. चोरी केली का मी?"

"बये, आपण काय मानतो अन् तू काय करून आलीस?"

"मला शिकवू नका!" आता मात्र सूप खाली आपटलं. "पोरीला दोनदा दिवस गेले अन् दोनदा पाचव्यातच सगळं वाहून गेलं. तेव्हा तुमी काय केलं? गुडघे टेकले, आमेन म्हणले अन् गेले रंधा मारायला. मी आई हाय तिची. ह्या खेपेला दोरा बांधला अन् पाचवा पार पडला. आता आठवा लागलाय."

"अगं, पण ती खुर्ची मी तीनदा विणलीय. बैठकीचा वेत द्वारका चौकातल्या दुकानातला, तोही बाबा गेल्यावर आणलेला. डावा हात मोडला तो मी नवा घातला. पुढचे दोन्ही पाय माझे. बाबांचं तिच्यात राहिलंय काय?"

"मला लाकडाचं नका सांगू." बयाबाईचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की केरूला जास्त भीती वाटायची. "एकच सांगते. तुमी त्या खुर्चीचं काय उलटंसुलटं केलं अन् माझ्या पोरीला काय झालं, तर तुमच्या हातचं पाणी मी मरेस्तोवर घ्यायची नाय."

 केरूला बोलायला तोंडच नव्हतं. कारण ते पहिलं फूल, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं, ते त्यानेच ठेवलं होतं. एकोणीस वर्षं चर्च उघडायचं, झाडायचं, घंटा वाजवायची हे काम त्याचंच. बाबा गेल्यानंतर एका सकाळी झाडता झाडता त्याला भरून आलं. आवारातलं जास्वंदीचं एक फूल तोडून त्याने खुर्चीवर ठेवलं आणि खुर्चीच्या हाताला कपाळ लावलं. कुणी बघितलं नव्हतं असं त्याला वाटलं. लंकाबाईने बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो नव्या पाळकांकडे गेला. जाधवसाहेब तिशीच्या आतले, दोनच वर्षांपूर्वी आलेले. स्वभावाने फार चांगले, आणि एवढ्या चांगल्या माणसाला कमिटीपुढे बोलायची हिंमत होत नाही ती नाहीच.

"सलाम, पाळकसाहेब."

"सलाम मिस्त्री, बसा. त्रिभुवन सांगून गेले मला." जाधवसाहेब टेबलावरचा कागदांचा गठ्ठा इकडून तिकडे करू लागले. "तुमचं चूक नाही हो. पण लोकांची भावना आहे."

"भावनाच चुकली असंल तर, साहेब?"

जाधवसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक कुंपण आणि एक बकरी.

कमिटीने पेटीचं काम द्वारकेच्या दुसऱ्या मिस्त्रीला दिलं. त्याच संध्याकाळी त्रिभुवन केरूच्या दारात आले आणि म्हणाले, "चर्चच्या किल्ल्या द्या." केरूने खुंटीवरचा जुडगा काढून दिला. एकोणीस वर्षं ज्या खुंटीवर तो असायचा तिथे भिंतीवर काळा डाग पडला होता. 

मार्चातला स्मृतिदिनाचा रविवार उजाडला. द्वारकेच्या मिस्त्रीने पेटी सुंदर केली होती, पॉलिशबिलीश मारून. पण त्याने माप घेतलं ते बैठकीचं. खुर्चीचे हात बाहेर पसरलेले असतात हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सकाळी चौघांनी पेटी उचलून खुर्चीवर ठेवायला घेतली आणि ती दोन बोटांनी अडली. त्रिभुवन घामाघूम झाले. शेवटी पेटी व्हरांड्यात ठेवली आणि खुर्चीपुढे नुसताच मखमली पडदा धरायचं ठरलं. केरू मागच्या बाकावर बसून हे बघत होता. हसू आलं, पण त्याने ते गिळलं.

चर्च खच्चून भरलं. बाक भरले, सतरंज्या भरल्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं बसली. पहिलं गीत सुरू झालं आणि दारातून सुधा आली. जावई अंबडच्या कारखान्यात कामाला, तिथून दोन बस बदलून दोघं उशिरा पोचली होती. सुधा खांबाला टेकून उभी राहिली. पाय सुजून टम्म झाले होते. बयाबाईने बायकांच्या सतरंजीवरून हात केला, ये, इथे बस. सुधाने मान हलवली. खाली बसलं तर उठता येणार नव्हतं. बाकावरच्या बायका सरकायला लागल्या, पण सरकणार कुठे? तिथे वीतभर फट नव्हती.

केरू आपली जागा द्यायला उठला. तर तो उठतो न उठतो तोच शेजारचे दोघं पसरले आणि वर खिडकीतलं एक माणूस टपकन् त्या जागेवर उतरलं! केरूने सगळ्या चर्चवरून नजर फिरवली. एवढ्या गर्दीत रिकामी बैठक एकच होती.

तो मधल्या वाटेने पुढे निघाला. लाल दोरीचा आकडा काढला. फुलदाणी उचलून खाली जमिनीवर ठेवली. पडदा धरून उभी राहिलेली दोन माणसं आ वासून बघत राहिली. केरूने खुर्ची उचलली, अकरा दोऱ्यांसकट, आणि तो मागे फिरला. गीत एकेका बाकावर विझत गेलं आणि शेवटी नुसती बाजाची पेटी वाजत राहिली.

"मिस्त्री!" त्रिभुवन ओरडले. "खाली ठेवा ती!"

"ठेवतोच हाय," केरू म्हणाला आणि खांबाजवळ सुधापुढे त्याने खुर्ची ठेवली. "बस पोरी."

बयाबाई ताडकन् उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "सुधे, बसू नको! तुला माझी शपथ हाय!"

सुधाने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. बापाने खुर्चीची पाठ अजून सोडली नव्हती. तिसऱ्या खेपेला काही झालं तर, हा विचार त्याच्याही मनात होता, आणि तो तिला स्वच्छ दिसत होता.

"आई, पाय फुटायला आलेत गं माझे," ती म्हणाली आणि बसली.

वेत करकरला. दुसरं काही झालं नाही.

"मंडळी," केरूने तोंड उघडलं. आयुष्यात चर्चमध्ये 'आमेन'पलीकडे तो बोलला नव्हता. "ह्या खुर्चीवर पहिलं फूल मी ठेवलं. कपाळबी पहिलं मीच टेकलं. तुमच्या आधी पापी मी हाय. बाबा जिवंत असते तर त्यांनी माझं थोबाड फोडलं असतं. त्यांनी आयुष्यभर बोट वर केलं ते प्रभूकडं. आपण बोट धरून बसलो अन् बोटालाच दोरे बांधले." त्याने वेदीशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "मला बाबांची लय आठवण येते. पण म्हणून लाकडापुढं नाय वाकणार मी. आता नाय."

 वेदीपाशी उभ्या असलेल्या जाधवसाहेबांच्या हातात स्मृतिदिनाचं लिहून आणलेलं भाषण होतं. त्यांनी ते घडी करून खिशात टाकलं. "गीत अर्धं राहिलंय," ते म्हणाले. "उभे राहून पूर्ण करू. सुधाताई, तुम्ही बसा." आणि त्यांनी स्वतः वरच्या पट्टीत सुरुवात केली. आवाज चिरका होता, पण माणूस घाबरलेला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा केरूच्या खुंटीवर स्वतःच्या हाताने अडकवला.

बयाबाईने मात्र आपला शब्द पोरीला काही व्हायच्या आधीच पाळायला घेतला. केरूने माठातून तांब्या भरून दिला की ती तो तसाच मोरीत ओतायची आणि स्वतः उठून दुसरा भरून घ्यायची. एक महिना असाच गेला. केरू रोज पहाटे चर्च उघडायचा, गुडघे टेकायचा आणि म्हणायचा, प्रभू, पोरीला सांभाळ. आणि नाही सांभाळलंस तरी मला त्या खुर्चीकडे परत जाऊ देऊ नकोस. हे दुसरं वाक्य म्हणताना त्याचा जीव कासावीस व्हायचा, पण म्हटल्याशिवाय तो उठायचा नाही.

एप्रिलच्या शेवटी सुधाला मुलगी झाली. सव्वासहा पौंडांची, दणदणीत रडणारी. दवाखान्याच्या पायरीवर बयाबाई पदरात तोंड घालून रडली. मग नाक पुसून नवऱ्याला म्हणाली, "जिंकले तुमी. तुमचं खरं झालं."

"माझं काय खरं झालं नाय बये," केरू म्हणाला. "पोर गेली असती तरी ती खुर्चीच होती."

बयाबाईने पदर नीट केला. "पाणी द्या प्यायला," ती म्हणाली. केरू धावत नळाकडे गेला.

इथे गोष्ट संपली असं केरूला वाटलं. पण माणसाची खोड अशी सुटते होय? चर्चमध्ये दोऱ्यांचं नाव बंद झालं आणि नवंच सुरू झालं. "सुधा बसली अन् पोर सुखरूप झाली की नाय?" लंकाबाईने नळावर सांगितलं. "बांधायचं नसतंच मुळी. बसायचं असतं!" मंडळींची अक्कल म्हणजे कमालच. मे महिन्यात पोटुशा बायका एकेक करून चर्चमध्ये येऊ लागल्या. दोन मिनिटं खांबाजवळच्या त्या खुर्चीत बसायच्या आणि उठताना बैठकीला हात लावून तो पोटावरून फिरवायच्या. केरूने कपाळावर हात मारला. आता ह्यांना काय सांगायचं?

सांगितलं ते बयाबाईने.

मेच्या रणरणत्या दुपारी ती केरूला भाकरी द्यायला चर्चमध्ये आली, तर लंकाबाई रिक्षातून आपल्या सुनेला उतरवत होती. सूनबाईचा नववा चालू, तोंडावर सूज, आणि डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय, पलंगावरून उतरू नको, म्हणून बजावलेलं. दोन पायऱ्या चढल्या आणि पोरीचे डोळे फिरले. बयाबाईने भाकरीचं फडकं टाकून तिला सावरलं.

"खुर्चीपातूर तरी नेऊ दे गं बया, दोनच मिनिटं," लंकाबाई काकुळतीला आली. "तुझ्या पोरीचं झालं ना चांगलं? मग माझ्याच पोरीच्या वाटेवर काय आडवी येतेस?"

बयाबाईला तिच्यात आपलाच चेहरा दिसला. तेच तोंड, तीच भीती, तोच हट्ट. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि संतापही.

"लंके, माझ्या पोरीचं चांगलं केलं ते देवानं, अन् सिव्हिलच्या नर्सनं. खुर्चीनं नुसते तिचे पाय हलके केले. मी बी तुझ्यासारखीच येडी झाले होते. चल, रिक्षा फिरव!" आणि सूनबाईला मध्ये घेऊन ती स्वतः दवाखान्यात गेली. रात्री आठला परत आली तेव्हा सूनबाई वाचली होती आणि तिला झालेला मुलगाही. डॉक्टरांनी लंकाबाईला असं फैलावर घेतलं होतं की ती खाली मान घालून बसली होती.

बयाबाई ओट्यावर बसली आणि म्हणाली, "ती खुर्ची मोडा."

"काय?"

"खुर्ची हाय तवर लोक काहीतरी काढणारच. लाकूड सागाचं हाय, जाळू नका. त्याची चपला ठेवायची मांडणी करा व्हरांड्यात. तिच्यापुढं कोण डोकं टेकतंय ते मी बघते."

केरू हसला. मग हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, कारण बायको म्हणत होती ते अगदी बरोबर होतं, आणि ते त्यालाच करायचं होतं.

कमिटीत जाधवसाहेबांनी विषय मांडला. ह्या वेळी खिडकीबाहेर बघितलं नाही. "पहिल्या दिवशी बोलायचं ते मी बोललो नाही, ही माझी चूक," असं सुरुवातीलाच म्हणाले. त्रिभुवन एकटे विरोधात गेले आणि तशी नोंद करायला लावली.

शनिवारी केरूने व्हरांड्यात हत्यारं मांडली. वेत पटाशीने कापून काढला, दोरे सोडवून बाजूला ठेवले, लाकडी मेखा एकेक करून ठोकून बाहेर काढल्या. पाठीच्या फळीवर बाबांच्या डोक्याच्या तेलाचा गुळगुळीत काळा ठिपका होता. तो मात्र खरा बाबांचा. केरू त्याच्यापुढे बराच वेळ बसून राहिला. मग त्याने फळी शिकंज्यात आवळली आणि रंधा फिरवला. पातळ, लांब ढलपी निघाली आणि खालचं सागवान पिवळंधमक, नवंकोरं दिसलं. लाकूड पुरलं नाही तेव्हा व्हरांड्यातल्या त्या पेटीची फ्रेम मोडून वापरली.

रविवारी सकाळी दाराशेजारी तीन फळ्यांची मांडणी उभी होती. बयाबाईने आपल्या वहाणा सगळ्यांच्या आधी वरच्या फळीवर ठेवल्या. लंकाबाईने दुसऱ्या फळीवर ठेवल्या. पोरांच्या स्लीपर, कारखान्यातले बूट, टाचा झिजलेल्या कोल्हापुरी, सगळं येत गेलं. शेवटी त्रिभुवन आले. मांडणीपुढे उभे राहिले, लाकूड ओळखलं, आजूबाजूला बघितलं. मग खाली वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट सगळ्यांत खालच्या फळीवर सरकवले.

केरूने घंटा वाजवली, दोर खुंटीला बांधला आणि तो दारापाशी आला. आत गाणं सुरू झालं होतं. मांडणी गच्च भरली होती, एकसुद्धा जागा शिल्लक नव्हती. त्याने आपल्या चपला पायरीखाली मातीत काढून ठेवल्या आणि तो आत गेला.